पेट्रोलदर्शक काट्याचा दोष कसा ओळखावा?

टाकीत पेट्रोल किती उरले आहे हे चालकाला डोळ्यांनी दिसत नाही. समोरच्या फलकावरील काटा जे सांगेल त्यावरच त्याला विसंबावे लागते. काटा खोटे सांगू लागला, तर गाडी आडरानात बंद पडण्याचा प्रसंग येतो. अशा वेळी केवळ अंदाजाने टाकी उतरविण्यापेक्षा दोषाचे स्थान क्रमाक्रमाने शोधणे श्रेयस्कर होय.

अमेरिकेत १९६७ ते १९७२ या काळात तयार झालेल्या शेव्हरोले पिकअप ट्रकचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. या गाडीची टाकी सामान्यतः केबिनमध्ये, आसनामागे असते. टाकीतील प्रेषकाच्या दांडीला एक पोकळ तरंगक जोडलेला असतो. पेट्रोलच्या पातळीबरोबर तो वरखाली होतो व त्यामुळे विद्युत्-रोध बदलतो. टाकी रिकामी असता रोध सुमारे शून्य, तर भरलेली असता सुमारे ९० ओहम असतो. रोध वाढला, की काटा ‘भरलेली’ या खुणेकडे सरकतो.

परीक्षेची रीत यावरूनच ठरते. प्रथम किल्ली बंद ठेवून प्रेषकाची तार सोडवावी व मग किल्ली फिरवावी. काटा ‘भरलेली’च्या टोकाला गेला पाहिजे. पुन्हा किल्ली बंद करून तारेचे टोक गाडीच्या स्वच्छ धातूला घट्ट जोडावे. आता किल्ली फिरविताच काटा ‘रिकामी’वर यावयास हवा. तसे घडल्यास काटा व तार निर्दोष असून दोष प्रेषकात किंवा त्याच्या भूजोडणीत आहे. न घडल्यास तार किंवा काटाच तपासावा.

यानंतर तार सुटी असतानाच ओहममापकाने प्रेषकाचे अग्र व गाडीचा सांगाडा यांमधील रोध मोजावा. तो अमर्याद आढळला, पण अग्र व प्रेषकाचे धातूचे अंग यांमध्ये योग्य आढळला, तर भूजोडणी गंजली किंवा तुटली आहे असे समजावे. टाकी भरूनही रोध शून्याजवळच राहिला, तर तरंगकात पेट्रोल शिरून तो बुडाला असण्याचा संभव असतो.

त्याच काळातील फोर्ड ट्रकमध्ये हा क्रम उलटा असतो. तेथे रिकाम्या टाकीस सुमारे ७३ व भरलेल्या टाकीस सुमारे १० ओहम रोध असतो. म्हणून गाडीची जात न पाहता निष्कर्ष काढू नये.

पेट्रोलची वाफ हवेहून जड असते व ती खाली साचून राहते. एक ठिणगीही तिला पुरते. प्रेषक बाहेर काढण्यापूर्वी बॅटरीची ऋण तार सोडवावी, दारे उघडी ठेवावीत आणि जवळपास विस्तव असू देऊ नये.