सिनेमाचं साल नक्की कोणतं?

हार्ड डिस्कवर सिनेमे साठवणारे आपण सगळेच. पण फोल्डरच्या नावात साल कोणतं टाकायचं, यावर फारसं कोणी डोकं चालवत नाही. ‘किल्ला’ आणि ‘कोर्ट’ घ्या. ‘किल्ला’ फेब्रुवारी २०१४ मध्ये बर्लिन महोत्सवात दाखवला गेला, ‘कोर्ट’ त्याच वर्षी सप्टेंबरात व्हेनिसला. आपल्या थिएटरात मात्र ‘कोर्ट’ आधी लागला, १७ एप्रिल २०१५ला. ‘किल्ला’ २६ जूनला. म्हणजे क्रमच उलटा! राष्ट्रीय पुरस्कार तर सेन्सॉर सर्टिफिकेटच्या वर्षावर ठरतात. तिथे दोघेही २०१४चे.

मी पहिल्या जाहीर खेळाचं साल धरतो. सिनेमा लोकांसमोर आला तो तेव्हा. पुढचा उशीर वितरणाचा. आयएमडीबीसुद्धा हेच साल धरतं. कोडीसारखी सॉफ्टवेअर्स नाव आणि साल जुळवूनच पोस्टर शोधतात. ‘डॉन’पुढे १९७८ऐवजी २००६ पडलं, की अमिताभच्या जागी शाहरुख हजर!

थिएटरची तारीख मी वेगळ्या रकान्यात ठेवतो, कारण घरच्यांना सिनेमा आठवतो तो तिच्यावरूनच. ती २०१५-०४-१७ अशी लिहा. दिवस आधी लिहिला, तर कॉम्प्युटर सगळ्या सालांतले १७ तारखेचे सिनेमे एका रांगेत उभे करतो.