जपानी भाषेचा अभ्यास व परदेशच्या विद्यापीठांतील एक वर्ष

शालान्त परीक्षेचे निकाल लागले कीं पुष्कळ विद्यार्थी व त्यांचे पालक पुढील शिक्षणाविषयीं विचारपूस करण्याकरितां आमच्याकडे येत असतात. अलीकडे त्यांच्या प्रश्नांत एका नव्या प्रश्नाची भर पडली आहे. जपानी भाषा हा विषय घेऊन पदवी मिळवावी काय, आणि विद्यापीठाकडून वर्षभर जपानांत राहून शिकण्याची संधि मिळाल्यास मुलास, विशेषतः मुलीस, पाठवावें काय? हा प्रश्न पैशाचा आहे, वयाचा आहे आणि घरच्या माणसांच्या जिवाच्या घोराचाहि आहे. म्हणून त्याचें उत्तर एका वाक्यांत देणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं. ती भाषा कशी आहे, तेथें जाऊन विद्यार्थी काय शिकतो व त्यास कोणती तयारी लागते, हें आपण क्रमानें पाहूं.

प्रथम लिपीचा विचार करूं. जपानी लिहितांना तीन प्रकारच्या अक्षरांचा एकत्र उपयोग होतो. हिरागाना व काताकाना ह्या दोन ध्वनिदर्शक लिपि असून प्रत्येकींत मूळ अक्षरें ४६ आहेत. तिसरा प्रकार कांजीचा. हीं चीनमधून आलेलीं अर्थदर्शक चिन्हें होत. नित्य व्यवहाराकरितां जपानी सरकारनें २०१० सालीं जी यादी ठरविली तींत २,१३६ कांजी आहेत, व त्यांपैकीं १,०२६ तेथील मुलें प्राथमिक शाळेच्या सहा वर्षांत शिकतात. एकाच कांजीचे उच्चारहि बहुधा दोन किंवा अधिक असतात. डोंगर या अर्थाचें चिन्ह एकटें असतां 'यामा' असें वाचतात. फुजी पर्वताच्या नांवांत तेंच 'सान' होतें. हें ऐकून कित्येकांचें धैर्य खचतें. परंतु रोज तीन चिन्हें पक्कीं केलीं तर दोन वर्षांत ती सर्व यादी पुरी होते. हा हिशेब मुलांनीं स्वतः करून पाहावा. घाईनें गिळलेलें अन्न जसें अंगीं लागत नाहीं, तसेंच परीक्षेच्या आदल्या आठवड्यांत घोकलेल्या कांजीचें होतें.

या लिपींत आपल्या ओळखीची एक गोष्ट दडलेली आहे. जपानी मुलें अक्षरें ज्या क्रमानें म्हणतात तो क्रम असा: आ, इ, उ, ए, ओ, नंतर क, स, त, न, ह, म, य, र, व. आपली वर्णमाला समोर ठेवून तो वाचा. कवर्गाच्या जागीं क आहे. चवर्गाच्या जागीं स आला आहे. मग त व न आहेत. पवर्गाच्या जागीं ह व म आहेत. शेवटीं य, र, व. ह हा प च्या जागीं कां, असें कोणी विचारील. भाषापंडित सांगतात कीं प्राचीन काळीं जपानी ह चा उच्चार प असाच होता. हा क्रम योगायोगानें जुळलेला नाहीं. बौद्ध भिक्षूंनीं संस्कृत मंत्रांच्या अभ्यासाकरितां 'सिद्धम्' नांवाची भारतीय लिपि चीनमार्गें जपानांत नेली, व तिच्या वर्णक्रमाचा ठसा तेथील अक्षरमालेवर उमटला. बोधिसेन नांवाचा भारतीय भिक्षु इ. स. ७३६ सालीं जपानांत पोंचला, आणि ७५२ सालीं नारा येथील तोदाइजी मंदिरांतील महाबुद्धाच्या मूर्तीचा नेत्रोन्मीलनविधि त्याच्या हातून झाला. कूकाइ नांवाचा जपानी भिक्षु ८०४ सालीं चीनला गेला व ८०६ सालीं ही विद्या घेऊन परत आला. त्यानें स्थापिलेल्या कोयासान या पर्वतावरील विद्यापीठांत २०१५ सालीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा पुतळा उभारण्यांत आला. सारांश, परदेशीं जाऊन एखाद्या गुरूपाशीं राहून शिकणें ही कल्पना जपानास बारा शतकांपूर्वींच मान्य झालेली होती.

आतां वाक्यरचना पाहूं. येथें मराठी मुलांस मोठीच सोय आहे, परंतु बहुतेक जण ती वापरीत नाहींत. ते जपानी वाक्याचें प्रथम इंग्रजी करितात व मग मराठी करितात, आणि वाक्य उलटेंपालटें झालें म्हणून तक्रार करितात. 'वाताशी वा गाक्को ए इकिमास' याचें शब्दशः मराठी 'मी शाळेला जातों' असें सरळ होतें; एकहि पद जागेवरून हलवावें लागत नाहीं. आपल्या विभक्तिप्रत्ययांप्रमाणें व शब्दयोगी अव्ययांप्रमाणें त्यांचे प्रत्ययहि नामानंतर येतात. 'नो' म्हणजे चा-ची-चें, 'कारा' म्हणजे पासून, 'मादे' म्हणजे पर्यंत. याहूनहि गंमत क्रियापदांची आहे. 'ताबेते मिरु' म्हणजे खाऊन पाहणें, आणि 'ताबेते शिमाउ' म्हणजे खाऊन टाकणें. पाहणें हें क्रियापद येथें डोळ्यांचें काम सोडून प्रयत्नाचा अर्थ दाखवितें, तो आपल्याप्रमाणेंच. घरांतून बाहेर पडणारा जपानी मनुष्य 'इत्ते किमास' म्हणतो; त्याचा अर्थ 'जाऊन येतों' हाच. घरचीं माणसें त्यास 'इत्ते इराश्शाइ', म्हणजे 'जाऊन या', असें म्हणतात. नुसतें 'जातों' म्हणूं नये हें आपल्या आजीनें शिकविलें असल्यास तिनें जपानीचा पहिला धडाच आपणांस दिला आहे असें समजावें.

त्या भाषेंत नामांस लिंग नाहीं व बहुधा अनेकवचनहि नाहीं. परंतु एवढ्यानें हुरळून जाऊं नये. वस्तु मोजतांना तिच्या आकाराप्रमाणें निरनिराळे शब्द लागतात. पेन्सिलीसारख्या लांबट वस्तु 'इप्पोन, निहोन, साम्बोन' अशा मोजतात, कागदासारख्या पातळ वस्तु 'इचिमाइ, निमाइ' अशा, आणि माणसें 'हितोरी, फुतारी' अशीं.

आदरार्थी बोलणें आपणांस नवें नाहीं. तूं, तुम्ही व आपण यांतील भेद मराठी मूल लहानपणींच ओळखूं लागतें. तरी येथेंच आपला विद्यार्थी हमखास ठेंचाळतो. जपानींत जाणें या क्रियेस साधें रूप 'इकु', दुसऱ्याचा मान राखणारें 'इराश्शारु' आणि स्वतःकडे लहानपण घेणारें 'माइरु' अशीं निराळीं क्रियापदें आहेत. आपण परक्या माणसापाशीं बोलतांना 'आमचे वडील आले आहेत' असें मानानें म्हणतों. जपानी मनुष्य मात्र परक्यापुढें आपल्या वडिलांविषयीं लीन रूप वापरतो, आणि समोरच्याच्या वडिलांविषयीं मानाचें. स्वतःच्या आईस तो परक्यापाशीं 'हाहा' म्हणतो. दुसऱ्याची आई 'ओकासान'. मान वयावरून ठरतो हें आपणांस ठाऊक असतें. आंतला कोण व बाहेरचा कोण यावरूनहि तो ठरतो, हें तेथें नव्यानें शिकावें लागतें. असल्या गोष्टी पुस्तकांत वाचून कळतात, पण जिभेवर बसण्यास त्या लोकांत राहावें लागतें. एक वर्ष तेथें घालविण्याचें प्रयोजन तें हेंच.

परभाषेचा असा अभ्यास देशाचें हित कसें करितो याचीं उदाहरणें इतिहासांत आहेत. हेपबर्न नांवाचे अमेरिकन वैद्य व मिशनरी १८५९ सालीं जपानांत गेले, आणि १८६७ सालीं त्यांचा जपानी-इंग्रजी कोश प्रसिद्ध झाला. जपानी शब्द रोमन अक्षरांत लिहिण्याची त्यांच्या नांवाची पद्धति आजहि चालू आहे. तोक्यो येथें नारुसे जिन्झो यांनीं १९०१ सालीं स्त्रियांकरितां उच्च शिक्षणाची संस्था काढली. तिची माहिती देणारी एक पुस्तिका महर्षि धोंडो केशव कर्वे यांच्या वाचनांत आली, तिनें त्यांच्या मनास चालना दिली, आणि १९१६ सालीं महाराष्ट्रांत महिला विद्यापीठ उभें राहिलें. एक लहान पुस्तिका समुद्र ओलांडून आली व हजारों मुलींचें भाग्य बदललें.

परंतु याला दुसरी बाजू आहे, आणि ती पालकांनीं अवश्य ऐकावी. १८७१ सालीं जपान सरकारनें पांच मुली शिक्षणाकरितां अमेरिकेस पाठविल्या. त्यांत सर्वांत धाकटी त्सुदा उमेको अवघी सहा वर्षांची होती. ती १८८२ सालीं परत आली तेव्हां मातृभाषा विसरली होती. आईशीं बोलण्यासाठीं तिला स्वतःचीच भाषा पुन्हा कष्टानें शिकावी लागली. पुढें १९०० सालीं तिनें मुलींकरितां इंग्रजीची शाळा काढली, तिचेंच आज विद्यापीठ झालें आहे, आणि २०२४ सालापासून पांच हजार येनांच्या नोटेवर तिचें चित्र आहे. तरीहि त्या परत आलेल्या मुलीची आई ज्या क्षणीं मुलीचें बोलणें समजूं शकली नसेल, त्या क्षणाची किंमत कोणत्या नोटेंत मोजावी? परभाषा शिकावी, पण मातृभाषा गहाण ठेवून नव्हे.

आमच्या शाळेंतून शिकून गेलेली एक विद्यार्थिनी कांहीं वर्षांपूर्वीं अशी वर्षभर जपानांत होती. तिचे वडील एस्. टी. मध्यें कंडक्टर. पदवी एक वर्ष लांबणार व वरखर्चास कर्ज काढावें लागणार, म्हणून घरांत पुष्कळ दिवस वाद चालला. ती गेली, आणि पहिले तीन महिने, तिच्याच शब्दांत सांगावयाचें तर, 'मुक्यासारखी' राहिली. परीक्षा उत्तीर्ण झालेली ती मुलगी वर्गांत एक वाक्य बोलूं शकेना, कारण समोरचे लोक पुस्तकाप्रमाणें बोलत नव्हते. परत यावें काय, असें तिनें घरीं विचारलें. वडिलांनीं उत्तर दिलें, "कर्जाची काळजी तूं करूं नकोस. राहावयाचें कीं यावयाचें, एवढेंच तूं ठरव." तिनें राहण्याचें ठरविलें. दर शनिवारीं ती जवळच्या ग्रंथालयांत जाऊन लहान मुलांचीं पुस्तकें मोठ्यानें वाचूं लागली, व तेथील एक वृद्ध बाई तिचें वाचन सुधारूं लागल्या. आठवड्यास एक पत्र ती आईस मराठींत लिहीत असे. तो नेम तिनें एकदांहि मोडला नाहीं. आज ती पुण्याजवळच्या एका कारखान्यांत जपानी अभियंते व आपले कामगार यांच्यामध्यें दुभाषी आहे. ती सांगते कीं शब्दांचें भाषांतर सोपें, न बोललेल्याचें कठीण. जपानी अधिकारी 'केन्तो शिमास', म्हणजे 'विचार करूं', असें म्हणतो तेव्हां बहुधा तो सभ्यपणें नकार देत असतो. आपल्याकडेहि 'बघूं' या शब्दाचा अर्थ कोणास समजावून सांगावा लागत नाहीं. फक्त परभाषेंत तो ओळखतां आला पाहिजे.

आतां व्यवहाराच्या कांहीं गोष्टी. दोन विद्यापीठांत विनिमयाचा करार असला म्हणजे विद्यार्थी आपल्याच विद्यापीठांत फी भरतो, व तेथें बहुधा शिकवणीची फी द्यावी लागत नाहीं. राहणें, जेवण व प्रवास यांचा खर्च मात्र निराळा. जपान सरकार १९५४ सालापासून परदेशी विद्यार्थ्यांस शिष्यवृत्त्या देत आलें आहे. जपानी भाषा व संस्कृति हाच ज्यांच्या पदवीचा मुख्य विषय आहे, त्यांच्यासाठीं सुमारें एक वर्षाची स्वतंत्र शिष्यवृत्ति असून तिचा अर्ज वकिलातीमार्फत किंवा विद्यापीठामार्फत होतो. तेथें शिकलेल्या विषयांचे गुण येथें धरले जातील कीं नाहीं, हें निघण्यापूर्वीं लेखी विचारून घ्यावें. नाहीं तर वर्ष वाढतें. तेथें घर मिळाल्यावर चवदा दिवसांच्या आंत नगरकचेरींत पत्ता नोंदवावा लागतो व आरोग्यविम्यांत नांव घालावें लागतें. मग औषधोपचाराच्या खर्चाचा साधारणपणें तीस टक्के भाग स्वतःकडे राहतो. परवानगी काढून विद्यार्थ्यास आठवड्यास २८ तासांपर्यंत काम करितां येतें, परंतु त्या मिळकतीच्या भरंवशावर मुलास पाठवूं नये. शिकण्यास गेलेला मुलगा भांडीं घासून थकला तर वर्गांत त्याचें शरीर असतें, लक्ष नसतें.

जपानी भाषेची जी सर्वमान्य परीक्षा आहे तिच्या पांच पायऱ्या आहेत; एन्-५ सर्वांत सोपी व एन्-१ सर्वांत कठीण. ती जुलै व डिसेंबर महिन्यांत होते, व पुणें आणि मुंबई येथें तिचीं केंद्रें आहेत. मात्र तींत बोलण्याची परीक्षा नसते, हें पक्कें ध्यानांत ठेवावें. वर सांगितलेल्या मुलीचे तीन महिने मुकेपणांत गेले ते याच कारणानें.

मुलांनो, हा अभ्यास ज्यांस करावयाचा असेल त्यांनीं आजपासून एवढें करावें. रोज अर्धा तास, पण न चुकतां, लिहावें. जें लिहाल तें मोठ्यानें वाचावें. वाक्याचा अर्थ मराठींतून लावावा. पुण्यास गेलांत तर सिंहगड रस्त्यावरील पु. ल. देशपांडे उद्यान पाहावें. ओकायामा शहरांतील कोराकुएन या जुन्या उद्यानाच्या धर्तीवर तें केलेलें आहे, आणि थोड्या जागेंत पाणी, दगड व मोकळेपणा यांची मांडणी ते लोक कशी करितात हें तेथें डोळ्यांनीं समजतें. मुख्य म्हणजे आपली मराठी चांगली करावी. ज्यास स्वतःच्या भाषेंत चार वाक्यें नीट लिहितां येत नाहींत, त्यास दुसरी भाषा आधार देत नाहीं.

पालकहो, पाठवावें कीं नाहीं याचें उत्तर आतां आपणांसच देतां येईल. मुलाची तयारी किती, घरची ऐपत किती, आणि तीन महिन्यांच्या मुकेपणांत त्यास धीर देणारें पत्र घरून जाईल कीं नाहीं, हे तीन प्रश्न स्वतःस विचारा. तिहींचें उत्तर समाधानकारक असेल तर संधि दवडूं नका. आणि दाराशीं निरोप देतांना 'जाऊन ये' असेंच म्हणा.