जुना संगणक वेगात कसा चालवावा?

संगणक जुना झाला की तो हळू चालतो, असे सगळे म्हणतात. पण तो माणसासारखा म्हातारा होत नाही. हळू होण्याची कारणे वेगळी असतात आणि त्यातली बरीच घरच्या घरी काढता येतात. दिवाळीच्या सुट्टीत माझ्या मामांनी आमचा संगणक नीट केला, तेव्हा मी शेजारी बसून सगळे वहीत लिहून घेतले.

मामा म्हणाले, "आधी मोजायचं, मग दुरुस्त करायचं." म्हणून मी घड्याळ घेऊन बसले. बटण दाबल्यापासून संगणक कामाला लागेपर्यंत ६ मिनिटे गेली. तेवढ्यात माझे सगळे पाढे म्हणून झाले!

पहिले काम सफाईचे. आधी वायर काढायची आणि मगच डबा उघडायचा. आपल्याकडे ज्वारी-बाजरीच्या मळणीचा भुसा किती उडतो, ते तुम्हाला माहीतच आहे. आतल्या पंख्यावर धुळीची गोधडीच बसली होती. मामांनी पंखा बोटाने धरून ठेवला आणि ब्रशने धूळ काढली. धूळ साचली की आतला प्रोसेसर तापतो. फार तापला की जळू नये म्हणून तो आपणहून वेग कमी करतो. भर उन्हात नांगराचे बैल कसे सावकाश चालतात, तसेच.

मग संगणक चालू करून कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबली. तिथे स्टार्टअप नावाची यादी असते. न बोलावता आलेल्या पाहुण्यांसारखे ११ प्रोग्रॅम आपोआप सुरू होत होते. मामांनी ३ ठेवले आणि बाकीचे बंद केले. व्हायरस अडवणारा मात्र बंद करायचा नाही. आपल्या वर्गातली काही मुले सारखे रिफ्रेश दाबतात. त्याने फक्त पडद्यावरची चित्रे पुन्हा काढली जातात, वेग वाढत नाही.

आता रॅम म्हणजे काय ते सांगते. आई भाकरी करते तेव्हा लागेल तेवढे पीठ काठवटीत घेते, बाकीचे डब्यात असते. रॅम म्हणजे काठवट आणि हार्ड डिस्क म्हणजे डबा. काठवट लहान असली की सारखे डब्याकडे उठावे लागते. आमची रॅम २ जीबी होती, ती ८ केली. पट्टी विकत घेताना जात बघावी लागते. आमच्या संगणकाला डीडीआर ३ लागते. डीडीआर ४ ची खाच वेगळ्या जागी असते, म्हणून ती बसतच नाही.

पण सगळ्यात जास्त फरक डिस्क बदलल्याने पडला. जुन्या हार्ड डिस्कमध्ये एक तबकडी फिरते. आमचीवर मिनिटाला ७२०० फेरे असे लिहिले होते. म्हणजे सेकंदाला १२० फेरे, हा भागाकार मी स्वतः केला. तरीसुद्धा माहिती शोधायला तिची सुई इकडून तिकडे हलवावी लागते. नव्या एसएसडीमध्ये काहीच फिरत नाही, म्हणून माहिती लगेच सापडते. आता संगणक ४० सेकंदांत चालू होतो.

माझी ताई टंकलेखनाच्या परीक्षेला बसली आहे. मराठीत मिनिटाला ३० शब्द लागतात. आधी ती बटण दाबायची आणि अक्षर मागून उमटायचे, त्यामुळे वेग तिचा कमी की संगणकाचा तेच कळेना. एका दुकानदाराने तर नवाच घ्या म्हणून सांगितले होते. वडील म्हणाले होते, "एवढे पैसे कुठून आणू? भंगारात देऊ." मामांचे सगळे सामान दोन हजारांच्या आत आले. ताई आता २६ शब्दांवर आहे. राहिलेले ४ शब्द काही एसएसडीने वाढणार नाहीत.

अजून एक गोष्ट. विंडोज १० ला कंपनीचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ आमच्या जुन्या संगणकावर चालत नाही. म्हणून मामांनी लिनक्स मिंट बसवले. ते फुकट मिळते आणि २ जीबी रॅमवरही चालते. ज्या सी-डॅक संस्थेने पुण्यात १९९१ साली परम ८००० हा महासंगणक बनवला, तिचेही बॉस नावाचे लिनक्स आहे आणि त्यात मराठी चालते. टंकलेखनासाठी विंडोज १० सुद्धा ठेवले आहे, पण त्यावर इंटरनेट लावायचे नाही, असे मामांनी ताईला बजावले आहे.

इंटरनेट मात्र पहिल्यासारखेच हळू आहे. त्याला टॉवर जवळ लागतो, रॅमचा उपयोग नाही.

डिस्क बदलण्याआधी फोटो पेनड्राइव्हवर घ्यायला विसरू नका. आमच्या आजोबांचे फोटो त्यातच होते. जुनी डिस्क मामांनी एका छोट्या डबीत बसवून दिली आहे. ती वायरने जोडली की त्यांचे फोटो अजून दिसतात.