दख्खनी मेंढीची आश्विनातली कात आणि विणकामाचे सूत

अहिल्यानगर जिल्ह्यात दख्खनी मेंढीची लोकर वर्षातून दोनदा कातरतात. पाऊस ओसरल्यावर आश्विनाच्या सुमारास एक कात होते आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी दुसरी. सूत काढण्याच्या दृष्टीने आश्विनातल्या कातीकडे जास्त लक्ष द्यावे लागते. पावसाळ्यातल्या हिरव्या चाऱ्यावर तंतू भरदार वाढलेला असतो, पण तो चिखल, कुसळे आणि लेंड्यांनी भरलेलाही असतो. शिवाय वेळ थोडा असतो. पारनेर तालुक्यातल्या ढवळपुरीसारख्या गावांतले वाडे, म्हणजे मेंढपाळांचे तांडे, दिवाळीनंतर माळशेज घाटाने कोकणात उतरू लागतात, आणि एकदा बिऱ्हाड घोड्यावर चढले की लोकर निवडायला सवडही मिळत नाही आणि कोरडी जागाही. म्हणून परतीचा पाऊस थांबल्यापासून दिवाळीपर्यंतच्या दिवसांत कातरणी, निवड आणि धुलाई उरकावी. ऑक्टोबरच्या उन्हात कातरलेल्या मेंढीला थंडी पडण्याआधी अंगावर थोडी लोकर चढवायलाही अवधी मिळतो.

या लोकरीकडून काय अपेक्षा ठेवायची, हे आधी ठरवावे. दख्खनी मेंढी वर्षाला साधारण अर्धा किलो लोकर देते, म्हणजे शंभर मेंढरांच्या कळपातून एका कातीला पंचवीस-तीस किलो कच्ची लोकर निघते. तंतू जाड असतो, सरासरी 40 मायक्रॉनच्या आसपास किंवा त्याहूनही जाड, आणि त्यात पोकळ, राठ केसांचे प्रमाण बरेच असते. मेरिनो लोकर 24 मायक्रॉनच्या आत असते. तंतू 30 मायक्रॉनच्या पुढे गेला की कातडीला टोचू लागतो, म्हणून अंगालगत घालायचा स्वेटर दख्खनी सुताचा होत नाही. मऊ लोकरीसाठी दख्खनीचा मेरिनोशी संकर करण्याचे प्रयोगही झाले. पण पावसाळी चिखल, लांबची पायपीट आणि उन्हाळ्यातला अपुरा चारा सोसणारी मेंढी दख्खनीच आहे. तिच्या लोकरीचा राठपणा दोष धरून चालणे चूक आहे. शतकानुशतके घोंगडी टिकली ती याच गुणावर. जाकिटे, पिशव्या, आसने, टोप्यांचे बाहेरचे थर, गालिचे अशा वस्तूंसाठी हे सूत उत्तम आहे, आणि काळा, करडा, तपकिरी, पांढरा हे त्याचे अंगचे रंग न रंगवताच विकता येतात.

कळपातली सगळ्यात मऊ लोकर म्हणजे जावळ, कोकराची पहिली कात. उन्हाळ्यात जन्मलेल्या कोकरांची जावळ आश्विनात निघते, कार्तिक-मार्गशीर्षात जन्मलेल्यांची फाल्गुनात. जावळीची घोंगडी पूर्वीपासून वेगळी आणि महाग मानली जाते. तरीही अनेक वाड्यांत जावळ मोठ्या मेंढीच्या लोकरीत मिसळून जाते आणि तिचे मोल संपते. हाताने विणायचे सूत काढणाऱ्या कुटुंबाने बाकी काही नाही तरी एवढे जरूर करावे: कोकरे आधी कातरावीत आणि त्यांची लोकर स्वतंत्र कापडात बांधावी.

कातरणीच्या दोन-तीन दिवस आधी मेंढ्या वाहत्या पाण्यात धुवाव्यात. साचलेल्या डबक्यात धुतल्यास गाळ लोकरीत आणखी रुततो. धुतलेला कळप गवताळ, बिनचिखलाच्या रानात ठेवावा. कुसळी गवत पिकलेले आणि गोखरू पसरलेला पट्टा या दिवसांत टाळावा, कारण कुसळ एकदा लोकरीत शिरले की पिंजतानाही निघत नाही. मेंढी पूर्ण सुकल्याशिवाय कात्री लावू नये. ओली लोकर गाठोड्यात तापते, पिवळी पडते आणि कुजते.

नोव्हेंबर-डिसेंबरात विणाऱ्या मेंढ्या या वेळी गाभण असतात. दिवस भरत आलेली मेंढी उताणी पाडू नये, पाय आवळून बांधू नयेत. शेवटच्या महिन्यात असेल तर तिची कात सोडून द्यावी. पाव किलो लोकरीसाठी कोकरू गमावण्यात शहाणपण नाही. गाभणकाळात मिळालेल्या चाऱ्याचा पोटातल्या कोकराच्या लोकरीच्या मुळांवर परिणाम होतो. त्यामुळे शेवरी, हादग्याचा पाला, बाभळीच्या शेंगा, तुरीचे भूस यांपैकी जे हाताशी असेल ते या मेंढ्यांना वाढवून द्यावे.

पावसाळ्याच्या अखेरीस चिलटांमुळे पसरणारा निळी जीभ हा रोग दख्खनी कळपांना फार जुना आहे. भारतात त्याची पहिली नोंद 1964 साली महाराष्ट्रातच झाली. ताप, तोंडाला फोड, सुजलेले ओठ, लंगडणे ही लक्षणे दिसताच मेंढी वेगळी करून पशुवैद्यकाला दाखवावी. सूत काढणाऱ्याने आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: तापात लोकरीची वाढ खुंटते, तंतू त्या जागी बारीक होतो आणि पुढे तिथेच तुटतो. लोकरीची बट दोन्ही हातांत धरून झटकन ताणावी. मध्येच तटकन तुटली तर ती लोकर सुताला निरुपयोगी आहे. ओल्या रानामुळे खुरे सडत असतील तर मोरचुदाच्या पाण्यातून मेंढ्या चालवतात, पण मोरचुदातले तांबे मेंढीला विषारी असल्याने ते पाणी कळपाने पिता कामा नये. जंतनाशक आणि गोचीड-उवांवरचे औषध डॉक्टरांच्या सल्ल्यानेच द्यावे. अंगावरचे औषध कातरणीनंतर, कात्रीच्या जखमा भरल्यावर द्यावे.

कातरणी सारवलेल्या किंवा ताडपत्री अंथरलेल्या जागी करावी. कात्री कातडीलगत एकदाच फिरावी. उंच राहिलेली लोकर परत छाटली की आखूड तुकडे पडतात आणि सुतात गाठी होतात. पांढऱ्या मेंढ्या आधी, काळ्या शेवटी घ्याव्यात. पांढऱ्या लोकरीत पडलेला काळा केस वेचून काढणे अशक्यप्राय असते. पाठीची आणि खांद्याची लोकर चांगली, पोटाची व शेपटीकडची राठ आणि घाण, म्हणून ती तिथल्या तिथे बाजूला काढावी. खुणेसाठी मेंढ्यांच्या पाठीवर तेलाचा रंग लावायची सवय मोडावी. तो धुतला जात नाही. कानातला बिल्ला किंवा गेरू पुरतो. लोकर सुती कापडात बांधावी. तागाच्या गोणीचे आणि प्लॅस्टिकच्या पोत्याचे धागे लोकरीत मिसळतात, आणि विणणाऱ्याच्या हाती लागेपर्यंत ते कोणाच्या लक्षात येत नाहीत.

धुण्यासाठी रिठ्याचे किंवा सौम्य साबणाचे, हाताला चांगला चटका देणारे पाणी घ्यावे. लोकर त्यात बुडवून दाबावी. चोळू, ढवळू किंवा पिळू नये. गरम पाण्यातून एकदम थंड पाण्यात टाकल्यास लोकर आवळून जमते, आणि जमलेल्या लोकरीचे जेन (नमदा) होईल, सूत नाही. दोन-तीन पाणी बदलून सावलीत वाळवावी, मग हाताने मोकळी करून काडी-कचरा वेचावा. पिंजताना राठ पांढुरके केस गळतात, ते परत मिसळू नयेत.

घोंगडीच्या ताण्याला घट्ट पिळाचे सूत लागते. सुयांवरच्या विणकामाला मात्र सैल पीळ हवा. चरख्यावर एकेरी सूत एका दिशेने कातून दोन पदर उलट्या दिशेने एकत्र पिळावेत. सुताची लड करून ती कोमट पाण्यात भिजवावी आणि टांगून वाळवावी, म्हणजे पीळ बसतो आणि विणलेला पट्टा तिरका जात नाही. घोंगडीच्या ताण्याला लावतात ती चिंचोक्याची खळ विणायच्या सुताला लावू नये. जावळ एकटी कातली तरी चालते. अधिक मऊ सूत हवे असल्यास तिच्यात बारीक विलायती लोकर मिसळावी, मात्र विकताना मिश्रणाचे प्रमाण लडीच्या चिठ्ठीवर लिहावे. चिठ्ठीवर गाव, कातीचा महिना, मेंढीचा रंग आणि वजनही असावे. रंग न दिलेल्या देशी सुताला गिऱ्हाईक आहे, पण ते एकसारखी लड आणि खरी माहिती मागते.

घोंगडीची मागणी घटल्यावर कच्च्या लोकरीला कातरणीच्या मजुरीएवढाही भाव राहिला नाही. वाड्यांनी ती फेकून दिली, आणि काही कळपांत मांसाला बरी, लोकरीला बेताची माडग्याळ मेंढी शिरली. मांस हेच उत्पन्नाचे मुख्य साधन असल्याने हे समजण्यासारखे आहे. पण दख्खनी नर कळपातून गेला की चार-पाच वर्षांत लोकरही जाते, आणि परत आणायला मग पिढ्या लागतात. लोकरीसाठी ठेवायचा नर निवडताना वजनाबरोबर त्याच्या खांद्यावरची आणि मांडीवरची लोकर उलगडून पाहावी. दोन्हीकडे तंतू सारखा आणि राठ केस कमी असलेला नर राखावा. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात दख्खनी मेंढीच्या सुधारणेचे काम चालते. नराच्या निवडीबाबत तिथे विचारणा करावी.

निवडलेली लोकर लगेच कातली जाणार नसेल तर ती धुऊन, खडखडीत वाळवून, कडुनिंबाच्या वाळल्या पाल्यासह ठेवावी आणि महिन्यातून एकदा ऊन दाखवावे, नाहीतर कसर लागते. कोकणात जाणाऱ्या वाड्याने ती सोबत न नेता गावी राहणाऱ्यांच्या हवाली करावी. दमट हवेत लोकर टिकत नाही, आणि घरी राहिलेल्या बायाबापड्यांना फाल्गुनातल्या कातीपर्यंत कातायला काम मिळते.