घरच्या घरी स्क्रीन प्रिंटिंग: पहिला टी-शर्ट छापायचा कसा आणि पहिली ऑर्डर घ्यायची कधी



या आठवड्याच्या व्हिडिओत मी दुकानाच्या मागच्या खोलीत एक साधा पांढरा टी-शर्ट छापून दाखवला. बारा मिनिटांत मापं, कारणं आणि हिशोब काही बसला नाही. तो सगळा इथे लिहून देतो. व्हिडिओ पाहिला नसेल तरी काही अडत नाही, हा धडा वाचून काम करता येईल.

साहित्याच्या यादीआधी माझी पहिली ऑर्डर सांगतो, कारण हा धडा त्या ऑर्डरमधूनच आलाय. बीबीए होऊन दोन-तीन वर्षं झाली होती, गिफ्ट आर्टिकल्सचं दुकान नुकतंच बसत होतं. घरी दोन टी-शर्ट छापून बघितले, छान आले. लगेच गल्लीतल्या गणेश मंडळाची ४० टी-शर्टची ऑर्डर घेतली, २०० रुपये नग. विसर्जनाच्या आदल्या रात्री सगळे छापले. पावसाळी हवा, शाई सुकेना. पंख्याखाली ठेवले, वरून घाईघाईत इस्त्री फिरवली आणि सकाळी देऊन टाकले. मिरवणुकीत सगळ्यांनी कौतुक केलं. तीन दिवसांनी मंडळाचे काका दुकानात आले, काउंटरवर एक पिशवी ठेवली. आत एक धुतलेला टी-शर्ट. मंडळाचं नाव जवळजवळ गेलेलं, नुसता फिकट डाग उरलेला. काका रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "पोरांनी वर्गणीतून घेतले होते रे." मी अर्धे पैसे परत केले. पुढच्या वर्षीची ऑर्डर अर्थातच दुसरीकडे गेली.

माझी छपाई चुकली नव्हती. छापल्यानंतरचं काम मी केलंच नव्हतं. म्हणून आजच्या धड्याचा नियम एकच: पहिला टी-शर्ट विकायचा नाही, तो धुवायचा.

स्क्रीन प्रिंटिंग म्हणजे नक्की काय?

लाकडी चौकटीवर बारीक जाळीचं कापड ताणून बसवायचं. जिथे छपाई नको तिथली जाळी बंद करायची, जिथे हवी तिथली उघडी ठेवायची. वरून शाई टाकून रबराच्या पट्टीने ओढली की उघड्या जाळीतून शाई खाली कापडावर उतरते. बस, एवढंच तत्त्व. पूर्वी ही जाळी रेशमाची असायची, म्हणून जुने लोक अजून सिल्क स्क्रीन म्हणतात. इंग्लंडमधल्या मँचेस्टरच्या सॅम्युअल सायमनने १९०७ मध्ये या पद्धतीचं पेटंट घेतलं होतं. आता पॉलिस्टर किंवा नायलॉनची जाळी वापरतात आणि आपल्याकडे बाजारात तिला बोल्टिंग क्लॉथ म्हणतात.

बरेच जण विचारतात, "सर, आता डीटीएफ आलंय, मग स्क्रीन कशाला?" प्रश्न बरोबर आहे. एकच टी-शर्ट, त्यावर फोटो आणि दहा रंग, तर डीटीएफच करा. पण एका रंगात एकच डिझाइन, ५० नग, असं काम असेल तर स्क्रीन परवडतो. स्क्रीन बनवायचा खर्च एकदाच होतो, नग वाढले की तो वाटला जातो. डीटीएफमध्ये प्रत्येक नगाला फिल्म आणि शाई लागतेच. मंडळं, शाळेची सहल, क्रिकेटची टीम, हॉटेलचा स्टाफ: ही सगळी स्क्रीनची गिऱ्हाइकं आहेत.

साहित्य

१. लाकडी फ्रेम, आतून साधारण १२ बाय १६ इंच. सुताराकडून करून घ्या किंवा जुनी फोटोफ्रेम वापरा, फक्त ती वाकडी नको.
२. बोल्टिंग क्लॉथ. कापडावरच्या छपाईला इंचाला साधारण ११० धाग्यांची जाळी चालते. व्हिजिटिंग कार्डासाठी वापरतात ती जास्त बारीक असते, ती नको. प्रिंटिंग मटेरियलच्या दुकानात "टी-शर्टसाठी" असं सांगून मागा.
३. स्क्वीजी, म्हणजे मुठीत बसवलेली रबराची पट्टी. डिझाइनपेक्षा दोन-तीन इंच रुंद असावी.
४. कापडावर चालणारी पाण्याची शाई. घट्ट, दह्यासारखी. पोस्टर कलर किंवा कागदाची शाई अजिबात नको.
५. विनाइल स्टिकरची शीट. नंबर प्लेटचं रेडियम कटिंग करणाऱ्याकडे मिळते.
६. कटर, ब्राउन टेप, पुठ्ठा, इस्त्री, स्टेपल गन.
७. जुने सुती टी-शर्ट किंवा बनियन, किमान तीन. नवीन माल आत्ता आणू नका.

व्यावसायिक लोक जाळीवर इमल्शन लावून उजेडात स्क्रीन एक्स्पोज करतात. उजेड लागला तिथे इमल्शन कडक होतं, काळ्या डिझाइनखालचं मऊ राहतं आणि पाण्याने निघून जातं. ते आपण पुढच्या धड्यात करू. त्यात काही ठिकाणी बायक्रोमेट पावडर वापरतात, ती अंगाला घातक आहे. हातमोजे घातल्याशिवाय तिला हात लावू नका आणि स्वयंपाकघरात तर मुळीच नाही. पहिल्या प्रयत्नाला विनाइल पुरे.

कृती

पायरी १: जाळी ताणा. आधी चारही बाजूंच्या मध्यावर स्टेपल मारा, मग समोरासमोरच्या बाजू ओढत कोपऱ्यांकडे जा. बोटाने टिचकी मारली की डफासारखा आवाज आला पाहिजे. जाळी ढिली असेल तर कडा फाटक्या येतात, मग शाई कितीही भारी असू दे.

पायरी २: डिझाइन कापा. पहिलं डिझाइन साधं ठेवा, चहाचा कप आणि खाली एक शब्द. शब्द हवाच, कारण डिझाइन उलटं झालं तर ते अक्षरातच कळतं. स्टिकर जाळीच्या खालच्या बाजूला, म्हणजे टी-शर्टला टेकणाऱ्या बाजूला चिकटतो. त्यामुळे स्टिकरच्या तोंडावर सरळ लिहून कापलंत तर छपाई उलटी येणार. सोपा उपाय: स्टिकरच्या मागच्या पांढऱ्या कागदावर सरळ लिहा आणि त्याच बाजूने दोन्ही थर कापा. रेडियमवाल्याकडून मशीनवर कापून घेणार असाल तर त्याला "उलटं कटिंग" सांगा.

कपाच्या कानातली पोकळी, 'व' च्या पोटातला गोल, असे छोटे तुकडे फेकू नका. नुसत्या कागदी स्टेन्सिलमध्ये ते तुकडे गळून पडतात. इथे जाळी त्यांना धरून ठेवते. मोठा स्टिकर लावल्यावर ते आपापल्या जागी चिकटवा.

पायरी ३: फ्रेम बंद करा. स्टिकर आणि लाकूड यांच्यामधली उघडी जाळी ब्राउन टेपने झाका. आता फ्रेम उजेडाकडे धरा आणि वरून बघा. शब्द सरळ वाचता येतोय ना? वाचता येत नसेल तर इथेच थांबा.

पायरी ४: कापड तयार करा. टी-शर्ट आधी धुवा, म्हणजे खळ निघून जाते. कम्फर्टसारखं काही घालू नका. इस्त्री करून आत पुठ्ठा सरकवा, नाहीतर शाई पाठीपर्यंत जाते. फ्रेमच्या चारही कोपऱ्यांखाली एकावर एक दोन नाणी ठेवा. जाळी आणि कापडात तेवढी फट हवी. पट्टी जाते तिथेच जाळी टेकते आणि लगेच सुटते, म्हणून कडा स्वच्छ येतात.

पायरी ५: ओढा. फ्रेम घरातल्या कोणाला तरी घट्ट धरायला सांगा. वरच्या कडेला दोन-तीन चमचे शाई आडवी पसरा. पट्टी थोडी तिरकी धरून सारख्या दाबाने आपल्याकडे ओढा. एकदा, फार तर दोनदा. "अजून एकदा" हा मोह नडतो, शाई पसरते. मग फ्रेम एका बाजूने पुस्तकासारखी उघडा, सरळ वर उचलू नका.

पायरी ६: लगेच पुढचा नग किंवा लगेच धुणं. पाण्याची शाई जाळीतच सुकते आणि भोकं बुजतात. छापताना पंखा बंद ठेवा. दोन नगांमध्ये थांबायचं असेल तर जाळीवर शाईचा पातळ थर ओढून ठेवा. काम संपलं की चहासुद्धा नंतर, आधी स्क्रीन नळाखाली.

आता खरी परीक्षा

वरची शाई हाताला सुकी लागते, पण सुकणं वेगळं आणि पक्कं होणं वेगळं. सुकताना फक्त पाणी उडून जातं. शाईतला बाइंडर कापडाच्या धाग्याला धरतो तो उष्णतेने किंवा शाईत घातलेल्या फिक्सरमुळे. माझे ४० टी-शर्ट सुकले होते, पक्के झाले नव्हते. पावसाळ्यात तर सुकायलाच दुप्पट वेळ लागतो, आणि मंडळांच्या ऑर्डरी नेमक्या पावसाळ्यातच येतात!

म्हणून तीन जुन्या टी-शर्टवर एकच डिझाइन छापा आणि रात्रभर सुकू द्या. पहिल्याला इस्त्री करू नका. दुसऱ्याला अर्धा मिनिट करा. तिसऱ्याला वर सुती कापड टाकून, वाफ बंद ठेवून, कॉटनच्या सेटिंगवर इस्त्री सतत फिरवत चार-पाच मिनिटं द्या. डब्यावर वेगळी सूचना असेल तर तीच पाळा. तिघांवर १, २, ३ असे आकडे आतल्या बाजूला लिहा आणि तीन दिवस थांबा.

मग तिघांना घरच्या कपड्यांसारखंच धुवा, नेहमीच्या पावडरने, पाच वेळा. फक्त या कपड्यांची बादली वेगळी ठेवा. प्रत्येक धुण्यानंतर फोटो काढा. ओला पांढरा रुमाल छपाईवर दहा वेळा घासा, रंग लागतो का बघा. कापड ताणा, तडे जातात का बघा. तिसरा नगसुद्धा फिका पडला तर शाई किंवा पद्धत बदला आणि परत करा. हे फोटो जपून ठेवा. गिऱ्हाईक विचारतं, "रंग जाणार नाही ना?" तेव्हा तोंडी शपथ घेण्यापेक्षा पाच धुण्यांनंतरचा फोटो दाखवलेला बरा.

हिशोब: मी कुठे फसलो

कॉलेजमध्ये ब्रेक-इव्हनची गणितं सोडवून मार्क मिळवले होते. स्वतःच्या ऑर्डरला मात्र हिशोब असा केला:

टी-शर्ट ४० × १५० = ६,००० रुपये
शाई ३००
स्क्रीन आणि स्टिकर ५००
पॅकिंग ४० × ५ = २००
एकूण ७,०००, म्हणजे नगाला १७५. दर २००. नफा नगाला २५, एकूण १,०००. वा!

आता खरा हिशोब बघा. तीन टी-शर्ट छापताना वाया गेले, म्हणजे आणले ४३. त्याचे ६,४५० झाले. बाकीचे तीन खर्च तेवढेच, मिळून १,०००. माझे आठ तास मी धरलेच नव्हते. तासाला ८० रुपये धरले तरी ६४० होतात. एकूण ८,०९०. हातात आले ८,०००. म्हणजे काकांना पैसे परत करायच्या आधीच मी ९० रुपयांनी तोट्यात होतो, आणि मला ते माहीत नव्हतं.

हे भाव त्या वेळचे. तुम्ही तुमच्या गावातले आजचे भाव भरा, पण दोन ओळी वगळू नका: वाया जाणारे नग आणि तुमची मजुरी. नवशिक्याने शंभरात दहा नग तरी वाया धरावेत. हात बसला की आकडा आपोआप खाली येतो.

पहिली ऑर्डर कधी घ्यायची?

तीन गोष्टी झाल्या की घ्या. एक, सलग दहा नग एकसारखे छापता आले. दोन, त्यातला एक पाच धुण्यांत टिकला. तीन, डिलिव्हरीच्या तारखेआधी तुमच्याकडे किमान चार दिवस आहेत, त्यातले दोन फक्त सुकायला आणि पक्कं करायला. गिऱ्हाईक "उद्या पाहिजे" म्हणालं तर नम्रपणे नाही म्हणा. नाही म्हटल्याने एक ऑर्डर जाते. खराब माल दिल्याने सगळी गल्ली जाते.

आणि एक, कंपनीचा लोगो किंवा सिनेमातलं चित्र परवानगीशिवाय छापून विकू नका. गिऱ्हाइकाने आग्रह केला तरी नोटीस तुमच्या नावाने येते.

या आठवड्याचा गृहपाठ: तीन जुने टी-शर्ट, एक डिझाइन, पाच धुणी. एका वहीत तारीख, शाईचं नाव, इस्त्रीची मिनिटं आणि निकाल लिहा. ती वही हीच तुमच्या धंद्याची पहिली मशीन समजा.

काकांनी आणलेला तो टी-शर्ट मी परत दिला नाही. तो आजही दुकानात आतल्या बाजूला टांगलेला आहे. नवीन ऑर्डर घेताना माझी नजर एकदा तिकडे जातेच.

भेटू पुढच्या धड्यात, इमल्शन घेऊन. तोपर्यंत छापा, धुवा आणि मगच दर सांगा.