दातात भरलेली चांदी किती दिवस टिकते?



दात किडला, डॉक्टरांनी 'चांदी' नाहीतर 'सिमेंट' भरले, की दाढ कायमची दुरुस्त झाली असे आपण धरून चालतो. तसे नाही.

चांदी म्हणतात त्यात निम्मा पारा असतो. बाकी चांदी, कथील, तांबे. चावण्याचा भार सोसून ती १०-१५ वर्षे सहज काढते. पाऱ्यामुळे युरोपीय संघाने २०२५ पासून तिचा वापर बहुतेक बंद केला. पण तोंडात शाबूत असलेली उगाच उकरून काढू नये. दाताच्या रंगाचे भरण दिसायला छान, पण निळ्या उजेडात घट्ट होताना किंचित आकसते. काचेच्या भुकटीचे सिमेंट दाताला आपोआप चिकटते, मात्र दाढेवर लवकर झिजते.

बिघाड पुष्कळदा कडेला होतो. पाटाच्या बांधाला खेकड्याने बीळ पाडावे, वरून काही दिसू नये अन् पाणी आतून चालू राहावे, तसे. फटीत पुन्हा कीड लागते आणि बरेच दिवस दुखतही नाही. ठणका लागतो तेव्हा कीड नसेपर्यंत गेलेली असते. मग रूट कॅनाल, नाहीतर दाढ काढणे. तेव्हा वर्षातून एकदा, गळीत हंगाम संपल्यावर का होईना, भरण दाखवून यावे. अन्न अडकू लागले तर तेवढेही थांबू नये.

आणि भरलेल्या दाताने ऊस सोलू नये, कोयत्याने सोलून बारीक तुकडे करावेत. ऊसवाल्यांना हे सांगणे जरा अवघडच. आमचीही सवय अजून सुटलेली नाही.