पगार रखडला, हप्ता तोंडावर आला

प्रश्न : कंपनीने दोन महिने पगार दिलेला नाही, पुढच्या महिन्यात मिळेल म्हणतात. गृहकर्जाचा हप्ता आणि मुलीची फी मिळून ३० हजारांची नड आहे. बँकेत एक लाखाची मुदत ठेव आहे, पण ती मोडवत नाही. मोबाइल अ‍ॅपवरून कर्ज घेऊ का?

उत्तर : अ‍ॅपच्या वाटेला जाऊ नका. ठेवही मोडू नका, तिच्यावर कर्ज घ्या. बँका साधारणपणे ठेवीच्या व्याजदरापेक्षा एक ते दोन टक्के जास्त आकारतात. ठेवीवर ७ टक्के मिळत असतील तर कर्ज ९ टक्क्यांच्या आत मिळावे. ३० हजारांवर दोन महिन्यांचे व्याज होते साधारण ४५० रुपये, आणि ठेवीवरचे व्याज चालूच राहते. शक्यतो ओव्हरड्राफ्ट मागा. जेवढे वापराल तेवढ्यावरच व्याज लागते.

क्रेडिट कार्डावर रोख काढणे मात्र कटाक्षाने टाळा. तिथे पहिल्या दिवसापासून व्याज चढते, वर शुल्क वेगळे.

शाळेत स्वतः जाऊन फी दोन टप्प्यांत भरण्याची मुभा मागा. यात कसला आलाय कमीपणा! पैसे हाती येताच आधी हप्त्याची रक्कम खात्यात ठेवा. हप्ता चुकला तर दंड बसतोच, शिवाय सिबिलवर नोंद होते.

थकलेल्या पगाराची मागणी कंपनीकडे आजच ईमेलने, लेखी करा. पुढच्या महिन्यातही टोलवाटोलवी झाली, तर कामगार आयुक्त कार्यालयात विचारणा करायला कचरू नका.